बरणीतलं पांढरं पाणी

अलकाताईंच्या पार्लरचं दार ढकललं की पहिली नजर आरशाखालच्या फळीवरच्या काचेच्या बरणीवर जायची, आणि ती तशी जावी म्हणूनच बरणी तिथे ठेवलेली होती. मूळची ती लोणच्याची. तिच्यात पाणी, पाण्यात झाकणभर जंतुनाशक औषध, आणि त्या दुधासारख्या पाण्यात मुंडकी वर काढून उभी असलेली आमची सगळी हत्यारं: नेलकटर, नखाच्या कडेची कातडी कापायची बारीक निपर, ती कातडी मागे सारायची पट्टी, चिमटे. औषध पाण्यात पडलं की पाणी पांढरं होतं, आणि जितकं पांढरं तितकं जालीम, अशी आमची पक्की समजूत होती. दुपारपर्यंत ते पाणी राखाडी दिसायला लागलं की मी वरून आणखी झाकणभर औषध ओतायची. पाणी बदलायची नाही, नुसती ओतायची. मग दवाखान्यासारखा वास सुटायचा आणि आलेल्या बायका तो वास घेऊन निर्धास्तपणे खुर्चीत टेकायच्या. ‘किती स्वच्छ ठेवता हो तुम्ही,’ म्हणायच्या. मी तेव्हा विशीची होते. स्तुती मला लगेच चढायची.

आमचं घर डांगे चौकातून आत, थेरगावातच. दोन खोल्या, मागच्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी पप्पांच्या कंपनीचं कॅलेंडर, ज्याच्यावर त्यांच्या शिफ्ट पेन्सिलीने मांडलेल्या असायच्या. सकाळी कंपनीच्या बसचा हॉर्न, समोरच्या पिठाच्या गिरणीची घरघर आणि आमच्यासकट चार घरांच्या कुकरच्या शिट्ट्या, एवढ्या आवाजांत मी उठायची. कुठली शिट्टी कुणाची हे मला झोपेतही कळायचं. पप्पा तळवड्याला एका लहानशा कंपनीत प्लेटिंग खात्यात होते. लोखंडाच्या सुट्या भागांवर निकलचा मुलामा चढवायचं काम. त्यांच्या अंगाला ॲसिडचा एक आंबट वास कायम असायचा, आणि आई त्यांना हात-पाय धुऊन कपडे बदलल्याशिवाय भाकरीच्या टोपलीजवळ फिरकू द्यायची नाही. गुरुवारी कंपनी बंद, पार्लरही बंद. त्या दिवशी आई सुकटीचं कालवण करायची, लसूण ठेचून, वर कच्चं तेल सोडून, आणि ज्वारीच्या भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा आवाज बाहेर गल्लीपर्यंत जायचा. आता माझ्या स्वयंपाकघरात सुकट शिजते, पण तो आवाज येत नाही, कारण मी भाकरी पोळपाटावर लाटते. आई असती तर तिने मला घराबाहेर काढलं असतं.

जेवण झालं की भांडी माझ्याकडे, आणि मग पप्पांची एक खोड सुरू व्हायची. मी घासून ठेवलेलं ताट ते उचलायचे, नळाखाली धरायचे आणि उजेडाकडे तिरकं करून बघायचे. पाणी ताटावर सलग पसरलं तर ठीक. पण कुठे थेंब-थेंब होऊन तुटलं, तर ताट परत माझ्याकडे. ‘पाणी फुटतंय,’ एवढंच म्हणायचे. हा त्यांच्या खात्यातला शब्द. तिथे कुठलाही जॉब, म्हणजे मुलामा चढवायचा भाग, टाकीत सोडण्याआधी असाच पाण्यातून काढून बघतात. पाणी फुटलं तर त्याच्यावर तेलाचा अंश राहिलाय, आणि तेलावर मुलामा धरत नाही. आई वैतागून म्हणायची, ‘ताटांना काय निकल चढवायचंय का तुम्हाला?’ एकदा शेजारच्या काकू ‘पाणी फुटलं, पाणी फुटलं’ ऐकून धावत आल्या. त्यांना वाटलं, कुणीतरी बाळंतपणाला अडलेली बाई आमच्या घरी आली आहे. त्यावरून आम्ही वर्षभर हसत होतो. पण रोज घरी ऐकलेला तो शब्द मी पार्लरमध्ये एकदाही बरोबर नेला नाही. घर वेगळं, काम वेगळं, असं डोक्यात कप्पे करून ठेवलेले.

अलकाताई मूळच्या थेरगावच्याच. शेती होती तिथे आता त्यांची तीन मजली इमारत उभी होती आणि तिच्या तळमजल्यावर पार्लर. बाई तडफदार. सकाळी गोठ्यातल्या दोन म्हशींचं बघून, साडी बदलून, लिपस्टिक लावून खाली यायच्या. मला भुवया कोरायला, फेशियल करायला, हात-पाय म्हणजे मॅनिक्युअर-पेडिक्युअर करायला त्यांनीच शिकवलं, आणि त्यांना जे दुसऱ्या कुणी शिकवलं होतं तेच शिकवलं. बरणी हा त्या शिकवणीचाच भाग. एका बाईचे पाय झाले की हत्यार बरणीत बुडवायचं, दोनदा गोल फिरवायचं, टॉवेलला पुसायचं, की पुढच्या बाईसाठी तयार. टबातलं पाणी ओतून द्यायचं, टब विसळायचा. वज्री, ती टाच घासायची, एकच होती आणि ती सगळ्यांची होती.

आमच्याकडे दर महिन्याला निकम बाई यायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, चिंचवडला एकट्या राहायच्या, बसने यायच्या. ‘मला साखर आहे गं, सांभाळून,’ हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वाकता येत नाही म्हणून नखं कापून घ्यायला येतात, बाकी नटण्याची हौस नाही, हेही सांगितलं होतं. पण मग हळूहळू त्यांना ते कोमट पाणी, ते टाचा घासणं आवडायला लागलं. पाय टबात सोडून त्या माझं बोलणं दुरुस्त करायच्या. मी ‘भेटलं’ म्हटलं की ‘वस्तू मिळते, माणूस भेटतो’ असं लगेच सांगायच्या. मला राग यायचा आणि त्या यायच्या दिवसाची वाटही बघायची. एकदा ऐन लग्नसराईत त्या आल्या, बाकावर तीन बायका खोळंबलेल्या. आधीच्या बाईचे पाय आवरले, निपर बरणीत फिरवली, पुसली आणि निकम बाईंच्या पायाला लावली. अंगठ्याशेजारच्या बोटाची कातडी घाईत जरा जास्त कापली गेली. रक्ताचा थेंब आला. मी कापूस दाबला. ‘काही नाही, चालू दे,’ म्हणाल्या त्या. मीही पुढच्या बोटाकडे वळले.

दोन-अडीच आठवड्यांनी, एका बुधवारी, त्यांच्या शेजारी राहणाऱ्या एक बाई भुवया करायला आल्या. दोऱ्याचं एक टोक माझ्या दातात होतं, आणि त्या डोळे मिटून, भुवई ताणून धरून बोलत होत्या. ‘तुमच्याकडे त्या निकम बाई यायच्या ना? दवाखान्यात होत्या. पायाचं बोट चिघळलं. काढावं लागलं म्हणे. आता घरी आणलंय.’ दोरा दातात होता म्हणून मला ‘कुठलं बोट?’ असं विचारता आलं नाही. विचारायची गरजही नव्हती. त्यांची दुसरी भुवई मी पूर्ण केली, ती कशी झाली मला आठवत नाही. त्या गेल्यावर मी अलकाताईंना सगळं सांगितलं.

ताई हिशोबी नव्हत्या, वाईट तर मुळीच नव्हत्या. पण त्या घाबरल्या, आणि घाबरल्या की त्यांचा आवाज चढायचा. ‘अगं, साखर हाय त्यांना. साखरंच्या माणसाला चप्पल लागली तरी चिघळतंय. त्यात आपला काय संबंध?’

‘ताई, मी कापलं होतं. रक्त आलं होतं.’

‘मग औषधाच्या पाण्यात हत्यारं असत्यात न्हवं आपली? आमी काय घाण ठेवतो व्हय?’

बरणी समोर होती, पांढरीशुभ्र. मी बरणीतली हत्यारं काढून रुमालात गुंडाळली आणि घरी घेऊन आले. का आणली, हे मलाही नीट सांगता आलं नसतं. बहुतेक, पप्पांनी ती बघून ‘ठीक आहेत’ म्हणावं एवढ्याच आशेने.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. पप्पा सकाळी मोरीत पाटावर बसले, मी निकम बाईंचं सगळं सांगितलं आणि रुमाल उघडून समोर ठेवला. त्यांनी निपर उचलली, तिची दोन्ही पाती उघडली, नळाखाली धरली आणि नेहमीसारखी उजेडाकडे तिरकी केली. पाणी पात्यांवरून थेंब-थेंब होऊन निसटलं. सांध्याच्या खिळ्यापाशी तर पाणी शिरतही नव्हतं. त्यांनी नखाने तिथलं थोडं खरवडलं. पिवळट, मेणासारखं काहीतरी निघालं. पायाला चोळायचं क्रीम, तेल, कातडीचा भुगा, कुणाकुणाचा. त्यांनी ते बोटावर घेऊन माझ्यासमोर धरलं.

‘पाणी फुटतंय,’ शेवटी म्हणाले. ‘आता सांग, याच्यावर तुझं औषध कुठे बसणार? तेल काढल्याशिवाय जॉब टाकीत टाकलास तू. टाकीचा काय दोष?’

मग त्यांनी मला जुना दातांचा ब्रश आणि भांड्यांचा साबण आणायला सांगितलं. एकेक हत्यार सांधा उघडून घासायला लावलं, वाहत्या पाण्याखाली धरायला लावलं. तिसऱ्या खेपेला पाणी निपरवर सलग, काचेसारखं पसरलं. मी खूश होऊन म्हटलं, झालं. ‘काही झालं नाही,’ पप्पा म्हणाले. ‘तेल गेलं, एवढंच कळलं. जंतू काय डोळ्याला दिसतात? आता औषधाला जागा झाली. बाटली आण.’ बाटली मी पहिल्यांदा वाचली. चार महिने रोज हातात घेत होते. तिच्यावर लिहिलं होतं, पाणी किती, औषध किती, वस्तू पूर्ण बुडवून किती मिनिटं ठेवायची, आणि द्रावण रोज ताजं करायचं. दोनदा गोल फिरवायचं असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. आणि आमच्या बरणीत तर निम्मी हत्यारं पाण्याबाहेर उभी असायची, दिसायला छान म्हणून.

आई भाजी निवडत सगळं ऐकत होती. ती म्हणाली, ‘झालं ते झालं. पुढं नीट कर.’ पप्पांनी हात पुसले. ‘खराब माल गेटबाहेर गेला, तर पार्टीला आपण कळवायचं असतं,’ ते म्हणाले. ‘त्यांना सापडायच्या आधी.’ आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांच्या हातून कच्चा मुलामा चढलेला एक लॉट निघून गेला होता. त्यांना माहीत होतं, ते गप्प राहिले. तिकडून तक्रार आली तेव्हा दुसऱ्या शिफ्टच्या माणसाला घरी बसवलं. ‘तो माणूस मला अजून चौकात दिसतो. नमस्कार करतो मला,’ पप्पा म्हणाले आणि पाट उचलून भिंतीला टेकवला. मी ठरवलं, निकम बाईंना सांगायचं.

शुक्रवारी मी अलकाताईंना निपर आणि नळ दोन्ही दाखवलं. एक धुतलेली, एक त्यांच्या कपाटातली. पाणी फुटताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, वाकून, चष्मा लावून. बाई पक्क्या व्यवहारी, दिसलेलं नाकारणाऱ्यातल्या नव्हत्या. ‘आयला,’ म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. त्या आठवड्यात आम्ही पार्लर उलटंपालटं केलं. हत्यारांचा दुसरा संच आणला, म्हणजे एक भिजत असताना दुसरा हातात. आधी साबण आणि ब्रश, मग धुणं, मग पुसून कोरडं करणं, मग पसरट डब्यात सांधे उघडे ठेवून सगळं औषधाच्या पाण्याखाली, भिंतीवरच्या घड्याळात बघून, बाटलीवर लिहिलेल्या मिनिटांइतकं. मग पुन्हा धुऊन, सुकवून, झाकणाच्या डब्यात. टब नुसता विसळायचा नाही. घासायचा, औषधाचं पाणी भरून तेवढाच वेळ थांबायचं. पाय ठेवायची चौकी, खुर्चीचे हात, टेबल, सगळं प्रत्येक बाईनंतर. वज्री आणि नखं घासायच्या कागदी कानशी कितीही धुतल्या तरी स्वच्छ होत नाहीत, म्हणून ज्या बाईची तिला द्यायची, नाहीतर फेकायची. ताईंची ती जुनी वज्री मी कचऱ्यात टाकली तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. बायका कुरकुरल्या. ‘एवढा काय वेळ लावतेस?’ एकीने विचारलं, ‘ऑपरेशन करणार आहेस का?’ मी म्हटलं, ‘ऑपरेशन होऊ नये म्हणून करतेय.’ ती दुसऱ्या पार्लरमध्ये गेली. जाऊ दे म्हटलं. माझा हेका तेव्हापासून आहे, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली आजही माझ्यामागे मला ‘घड्याळबाई’ म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक आहे.

पण निकम बाईंचं नाव काढलं की अलकाताई ताठ व्हायच्या. पुढच्या बुधवारी संध्याकाळी त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. ‘हे समदं करू आपण. तू म्हणशील तसं करू. पण तू तिकडं जाऊन काय बी बोलायचं न्हाई. माझं गावात नाव हाय. बाई उद्या चार माणसं घेऊन आली तर?’

‘येऊ देत, ताई. कापलं मी आहे. माझंच नाव सांगीन.’

‘पाटी माझ्या नावाची हाय, करुणा. गेलीस तर शुक्रवारी इकडं येऊ नगंस.’

त्यांचे डोळे भरले होते, ते माझ्या अजून लक्षात आहे. मला त्यांचा राग आला नाही. मला कामाची गरज होती, ते काम मला आवडत होतं, आणि दुसरीकडे उभं करील असं कुणी माझ्या ओळखीचं नव्हतं. त्यात, ही गोष्ट फुटली तर दुसरं कुठलं पार्लरही मला दारात घेणार नव्हतं. मी ॲप्रन घडी करून खुर्चीवर ठेवला. ताईंनी तो उचलला नाही, मीही नाही.

गुरुवारी सकाळी आईने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मेथी आणि भाकरी. दुसरा घास जाईना तर म्हणाली, ‘उपाशीपोटी माणसाला खरं बोलवत नाही, खा.’ चिंचवडला बसने गेले, पत्ता विचारत निकम बाईंच्या दाराशी पोचले. दार उघडंच होतं. बाई पलंगावर उशी पाठीशी घेऊन बसल्या होत्या, डावा पाय पट्टीत, स्टुलावर ठेवलेला. मला बघून त्यांना आनंद झाला. त्यांना वाटलं, मी बघायला आले. ‘ये, ये. बस. चहा तुलाच करावा लागेल,’ म्हणाल्या. मी बसले नाही. बसले तर बोलणार नाही, हे मला कळत होतं. उभ्या उभ्या सांगून टाकलं. आधीच्या बाईला वापरलेली निपर, दोनदा फिरवलेली, पुसलेली, घाई, रक्त, कापूस. बरणीचं पांढरं पाणी आणि त्या सांध्यातली घाण.

माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, ‘परत सांग. पहिल्यापासून. हळू.’ मी परत सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यांनी प्रश्न विचारले. किती मिनिटं ठेवायला हवं होतं? बाटलीवर कुठल्या भाषेत लिहिलं होतं? तुला वाचता येत होतं की नाही? ‘येत होतं,’ मी म्हटलं. हा शब्द तोंडातून काढणं मला सगळ्यात जड गेलं.

‘डॉक्टर म्हणाले, नक्की कशाने झालं ते सांगता येत नाही,’ बाई म्हणाल्या. ‘मी पण दोन दिवस हळद लावून बसले होते. त्यामुळे सगळं तुझ्यावर टाकत नाही. पण तुला माफबिफ मी करणार नाही, करुणा. बोट माझं गेलंय.’

‘मी माफी मागायला नाही आले, बाई. सांगायला आले.’

‘पार्लरवाली काय म्हणाली?’

‘उद्यापासून येऊ नको म्हणाली.’

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. खाली कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. मी चहा करू का विचारलं, त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, म्हणून मी केला. कप हातात घेऊन त्या म्हणाल्या, ‘ही जखम भरली की मी डॉक्टरांना विचारीन, नखं कोणाकडून कापून घेतलेली चालतील. ते हो म्हणाले तर निरोप पाठवीन. यायचं. कातडीला हात लावायचा नाही, फक्त नखं, सरळ. आणि हत्यारं इथे माझ्यासमोर धुवायची, माझ्या घड्याळावर.’

निरोप दोन महिन्यांनी आला. मधल्या काळात मी घरोघरी जाऊन काम करायला लागले होते, आणि माझा पहिला स्वतःचा डबा, ब्रश आणि औषधाची बाटली तेवढ्यासाठीच घेतली होती. मी गेले. मोरीत बसून एकेक हत्यार घासलं, बुडवलं, बाई मनगटावरचं घड्याळ समोर धरून बसल्या, वेळ झाल्यावर ‘काढ’ म्हणाल्या. त्यानंतर अकरा वर्षं, त्या जाईपर्यंत, मी दर महिन्याला त्यांच्याकडे गेले. त्यांनी शेवटपर्यंत मला माफ केलं असं कधी म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. त्या फक्त घड्याळ काढून ठेवायच्या आणि पाय पुढे करायच्या, आणि मी नऊ नखं कापायची.